कोरोनात सेकंडहँड कॅम्पर व्हॅन: सहकारनगरच्या एका घराची पूर्ण केस

ही केस २०२० च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमधली. गाडी घेणारे पुण्यातल्या सहकारनगरमधले एक काका-काकू, काका सदुसष्ट वर्षांचे, डायबेटिस आहे, काकू साठीच्या, आणि घरात काकांच्या आई, नव्वदीला टेकलेल्या. नावं कुणाचीच देत नाहीये. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे ओळखीत कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की फोन मला येतो, तसा काकांचा आला. "अरे, राहायची गाडी बघायचीये. झोपता आलं पाहिजे आणि आत संडास हवा." मला वाटलं रिटायरमेंटनंतरची हौस असेल, लडाख वगैरे. तसं नव्हतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं त्यात यांचं दापोली तालुक्यातलं घर गेलं. म्हणजे भिंती उभ्या, पण कौलं उडाली, वासे मोडले, सुपारीची बाग आडवी. गावात दिवसच्या दिवस लाइट नव्हती. घर दुरुस्त करायचं तर कुणीतरी तिथे आठ-दहा दिवस उभं राहायला पाहिजे, आणि राहायचं कुठे? लॉज बंद किंवा उघडे असले तरी काकूंची तयारी नाही, चुलतभावाच्या घरी जावं तर तिथेही म्हातारी माणसं, आणि पुण्याहून आलेला माणूस म्हणजे तेव्हा कोकणात लोक चार हात लांबच उभे राहायचे. गणपतीला चाकरमान्यांना १० दिवस क्वारंटाईन होतं हे आठवत असेल. आजींना एकटं पुण्यात ठेवता येत नाही. तर काकांचा हिशोब असा, की स्वतःच्या अंगणात स्वतःची गाडी लावायची, त्यातच झोपायचं, त्यातच चहा, कुणाच्या घरात पाऊल टाकायला नको. मला तो पटला.

पण गाडी घेण्यासाठी जेवढी माणसं भेटतात त्याचं काय? एरवी जुनी गाडी घ्यायची म्हणजे दहा ठिकाणी जायचं, दलालाच्या टपरीवर बसायचं, मालकाच्या घरी पोहे खायचे, बंद काचांच्या केबिनमध्ये चार जणांनी कोंबून चक्कर मारायची. आणि हे कधी, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जेव्हा पुणे जिल्हा केसेसमध्ये देशात वरच्या नंबरला, सीओईपीच्या ग्राउंडवर जंबो हॉस्पिटल उभं राहिलेलं आणि ओळखीतल्या कुणासाठी तरी बेड शोधतोय असे मेसेज रोज ग्रुपवर. गाडी घेऊन संसर्गापासून लांब राहायचं आणि गाडी घेतानाच तो घरी आणायचा, याला काही अर्थ नव्हता.

म्हणून पहिल्याच फोनवर मी एक अट घातली. कागद पहिले, व्हिडिओ दुसरा, प्रत्यक्ष गाडी सगळ्यात शेवटी, आणि ती सुद्धा एकच. माझं तर मत आहे की कोरोना नसतानाही हाच क्रम बरोबर, पण एरवी कुणी ऐकत नाही, गाडी बघितली की माणूस आतल्या पडद्यांच्या प्रेमात पडतो आणि मग कागद कसेही असले तरी "होईल रे ते" सुरू होतं. लॉकडाऊनने निदान तेवढी शिस्त लावली.

काय घ्यायचं यावर फार वेळ गेला नाही. नवीन तयार कॅम्पर बजेटच्या बाहेर. कारच्या मागे ओढायची ट्रेलरवाली कॅरॅव्हॅन काकांना यूट्यूबवर आवडली होती, मी म्हणलं ताम्हिणीच्या वळणात समोरून एसटी आली आणि मागे घ्यायची वेळ आली तर कोण घेणार, तुम्ही का मी? विषय संपला. उरली टेम्पो ट्रॅव्हलरवर आतून काम केलेली गाडी. आकुर्डीच्या फोर्सची गाडी, पार्ट पुण्यात कुठेही मिळतात, कोकणातल्या साध्या मेकॅनिकलाही ती माहिती असते. टुरिस्टवाल्यांचा धंदा मार्चपासून ठप्प, त्यामुळे बाजारात ट्रॅव्हलर भरपूर होत्या.

आणि गोची तिथेच होती. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, ती घेतलेल्या गाड्यांवर व्याज चढत होतं. मालक सांगणार "लोन संपत आलंय हो", आणि बँकेचा आकडा भलताच. दुसरं म्हणजे फिटनेससारखे कागद (पीयूसी सोडून) १ फेब्रुवारीनंतर संपले असतील तर केंद्राने त्यांची मुदत वाढवून दिली होती, आधी जून, मग सप्टेंबर, मग ३१ डिसेंबर. त्यामुळे फिटनेस संपलेली गाडी सुद्धा "कायदेशीर चालू" असायची. ते खरंच, पण मुदत वाढली म्हणून ब्रेक चांगले होत नाहीत ना. पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला नेलेली नाही म्हणजे कुणी तिच्याखाली वाकून बघितलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा.

काकांनी साइटवरच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट पाठवायला सुरुवात केली. त्यातली पहिलीच एकदम झकास, किंमत निम्मी. मालक म्हणे आर्मीत, बदली झालीये, गाडी कँटोन्मेंटमध्ये उभी आहे, कोरोनामुळे बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, टोकन पाठवा, गाडी घरपोच. वर आयकार्डचा फोटो. काका जवळजवळ तयार, "फौजी माणूस आहे रे". ही त्या वर्षातली सगळ्यात घिसीपिटी फसवणूक होती, आणि साथीने तिला फुकटात एक कारण पुरवलं होतं: गाडी दाखवता येत नाही. मी काकांना एवढंच म्हणलं, त्याला सांगा आत्ता व्हिडिओ कॉल करा आणि नंबर प्लेटवर हात ठेवून दाखवा. त्याने क्यूआर कोड पाठवला, हा स्कॅन करा मग गेट पास निघेल. काकूंनी फोन काढून घेतला.

दुसरी गाडी खरी होती, मुंबईकडची, आतलं काम बघून मी सुद्धा दोन मिनिटं गप्प झालो. लाकडी पॅनलिंग, छोटं सिंक, खिडकीला जाळ्या. नंबर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाकला. पिवळ्या पाटीची टुरिस्ट गाडी, एचपी, म्हणजे कर्जाची नोंद, चढलेलं, फिटनेस एप्रिलमध्ये संपलेला, आणि आरसीवर सीटं सतरा. आत प्रत्यक्षात चार सीटं आणि एक बेड. म्हणजे सगळं काम आरटीओला न कळवता केलेलं. आता लोक म्हणतात काय होतंय, कोण बघतंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायचा नाही यावर सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे, पोलीस सोडा, उद्या घाटात काही झालं आणि इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला तर तो आधी आरसी आणि गाडी समोरासमोर ठेवणार. गॅस शेगडी आणि बेड बघून क्लेम नाकारायला त्याला पाच मिनिटं पुरतात. ज्यांना राहायची गाडी नीट करायचीये त्यांच्यासाठी मोटर कॅरॅव्हॅनचं एआयएस-१२४ हे वेगळं स्टँडर्डच आहे, आणि ते काढणारी एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आपल्या वेताळ टेकडीवर बसलीये, पण मागच्या गल्लीतल्या सुताराला ते कोण सांगणार. दुसरी बाद. फोनवरच, घराबाहेर पाय न टाकता.

मग अशाच अजून काही बाद झाल्या, त्यात लिहिण्यासारखं काही नाही, एकीवर ई-चलनांचा ढीग, एकीचा मालक आरसीवरचा माणूसच नव्हता.

जी घेतली ती एमएच १४, भोसरीकडची. पांढरी पाटी, आरसीवर वर्ग सरळ 'कॅम्पर व्हॅन', २०१४ ची, मालक पहिलाच, लोन फिटलेलं पण आरसीवरून उतरवायचं राहिलेलं. एका वर्कशॉपवाल्या गृहस्थांनी बायको-मुलांसाठी करून घेतली होती, लॉकडाऊनमध्ये कामगारांचे पगार द्यायचे म्हणून विकायला काढली. मागत होते साडेनऊ लाख.

व्हिडिओ कॉलवर मी काय बघितलं ते सांगतो, कारण अर्धा तपास तिथेच होतो आणि त्यात कुणी कुणावर खोकत नाही. कॉल सकाळी लवकर लावायला सांगितला, गाडी रात्रभर बंद पाहिजे. आधी टेंपरेचरचा काटा दाखवा, मग बोनेट उघडून इंजिनाला हात लावून दाखवा, गार आहे ना, आता सेल्फ मारा आणि फोन सायलेन्सरकडे न्या. गार इंजिन किती वेळात उचलतं आणि धूर निळा येतो का पांढरा यातून बरंच कळतं, आधीच तापवून ठेवलेलं इंजिन गोड बोलतं. मग टायरच्या कडेवरचे चार आकडे: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. मागचे ३११४, म्हणजे २०१४ चा एकतिसावा आठवडा, गाडीबरोबर आलेले. नक्षी भरपूर शिल्लक, पण सहा वर्षांचं रबर आणि मार्चपासून एका जागी उभी. चारही टायर नवीन धरून चाला, असं काकांना तिथेच सांगितलं. उभ्या गाड्यांचं अजून एक म्हणजे उंदीर. मालकांना बॅटरीच्या बाजूची वायर टॉर्च मारून दाखवायला लावली, एक कुरतडलेली होती आणि त्यांनी टेप मारलेला, लपवलं नाही हे मला आवडलं.

काकू शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "संडासाची टाकी कुठे रिकामी करायची?" या प्रश्नाचं उत्तर बरेच कॅम्परवाले मालक नीट देत नाहीत. परदेशात म्हणे कॅम्पिंगच्या जागेवर त्याची सोय असते, आपल्याकडे नसते, त्यामुळे काढता येणारी पेटी हवी, जी घरच्या संडासात नेऊन ओतता येईल. यात तशी होती. गावाला सेप्टिक टँक शाबूत होता, प्रश्न मिटला.

आता प्रत्यक्ष भेट. ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाली, उघड्या मैदानात, वर्कशॉपच्या आत नाही. तेव्हा लोकांची सगळी भीती हाताला लागलेल्या जंतूची होती, भाजी सोड्याच्या पाण्यात, कुरियरचा बॉक्स दोन दिवस गॅलरीत. प्रयोगशाळेत स्टीलवर, प्लॅस्टिकवर विषाणू ७२ तासांपर्यंत सापडला होता, तेच सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. पण जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी डब्ल्यूएचओला खुलं पत्र लिहिलं होतं की हा हवेतून पसरतो याकडे लक्ष द्या, ते वाचल्यापासून मी स्टेअरिंगची काळजी कमी आणि केबिनमधल्या हवेची जास्त करत होतो. स्टेअरिंग पुसता येतं, हात धुता येतात. दुसऱ्याने सोडलेला श्वास बंद गाडीत कसा पुसणार?

म्हणून फोनवर आधीच ठरवलं: आम्ही यायच्या अर्धा तास आधी सगळी दारं, खिडक्या, वरचं झाकण उघडून ठेवा, चावी बोनेटवर, एसी लावायचा नाही. आत एका वेळी एकच माणूस, मी बाहेर आलो की मग काका. आजी आणि काकू घरी. चक्कर मारताना अडचण आली, अनोळखी माणसाच्या हातात गाडी द्यायला मालक तयार नाही, आणि त्यांचंही बरोबरच आहे. शेवटी काकांनी आपली वॅगनआर चावीसकट तिथे ठेवली, मालक स्वतःच्या बाइकवर मागून आले. मी एकटा, काचा खाली, मास्क वर. नाशिक रोडवर सिग्नलला ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढत होती, आणि खड्ड्यात मागून लोखंड आपटल्यासारखा आवाज, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश गेलेले. दोन्ही नाना पेठेतून पार्ट आणून होणारी कामं. दाराखालचा पत्रा बोटाने दाबून बघितला, तिथे मात्र गंज वरवरचाच होता.

सगळं नीट चाललं होतं ते भाव सुरू होईपर्यंत. मालकांच्या मिसेस ट्रेमध्ये चहा घेऊन आल्या, आता चहा प्यायचा तर मास्क काढणार, नाही म्हणावं तर माणूस दुखावतो, आणि काका म्हणजे जुन्या वळणाचे. त्यात ट्रकच्या आवाजात ऐकू येईना म्हणून दोघंही एकमेकांच्या जवळ सरकले, आणि "अहो साहेब, परवडत नाही" म्हणताना दोघांचेही मास्क हनुवटीवर. मी तेव्हा बऱ्याच व्यवहारांत बघितलंय, गाडी बघताना सगळे शिस्तीत असतात, पैशाचा विषय निघाला की मास्क खाली येतो. मी मध्ये पडलो, "वहिनी, चहा गाडीत घेऊन जातो, रात्रीपासून उपाशी आहे", थर्मासमध्ये भरून घेतला, आणि भावाचं सगळं संध्याकाळी फोनवर करू म्हणून काकांना हाताला धरून बाजूला नेलं. फोनवर भाव जास्त चांगला होतो हे वर. समोर बसलेल्या माणसाला चार वेळा नाही म्हणवत नाही.

टोकन म्हणून २५ हजार दिले, आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात, बँकेतून. लेखी ठरलं की बाकी रक्कम पंधरा दिवसांत, तोपर्यंत गाडी बाहेर उघड्यावर उभी राहील. ती उघड्यावरची अट काकूंची. "पाऊस अजून गेलेला नाहीये," एवढंच म्हणाल्या.

१४ ऑक्टोबरच्या रात्री पुण्यात जो पाऊस झाला तो आठवत असेल, रस्त्यांचे ओढे झाले होते. पंधराला सकाळी सातला काकूंनी स्वतः मालकांना व्हिडिओ कॉल लावला. "दादा, त्या वरच्या कपाटाचा आतला कोपरा दाखवा. नाही, खालून नाही, हात वर करून. आता गादीची कड उचला." छताच्या झाकणाशेजारून पाणी आलेलं, कपाटाचा प्लाय कोपऱ्यात फुगलेला आणि गादीला हातभर ओल. आठ दिवसांपूर्वी मी तोच कोपरा कोरड्या दिवसात बघितला तेव्हा तिथे नवीन सनमायकाशिवाय काही दिसत नव्हतं. कॅम्परला मारणारी गोष्ट इंजिन नसते, ही ओल असते. इंजिनाचे पार्ट मिळतात, आतून कुजलेलं सगळं फर्निचर परत करायचं म्हणजे नवीन गाडीचा खर्च. आता ओल एकाच जागी होती म्हणून घ्यायला हरकत नव्हती, जुनं सीलंट खरवडून काढून नवीन भरायचं, प्लाय बदलायचा. टायर, बुश, ब्रेक, छत असं सगळं धरून शेवटी आठ लाख चाळीसला व्यवहार झाला.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, थोडक्यात सांगतो. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, एचपी उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, पिंपरी-चिंचवडच्या एमएच १४ वरून पुण्याच्या संगम पुलाच्या आरटीओत आणायची म्हणून एनओसी. बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय शेवटचे एक लाख द्यायचे नाहीत, हे लिहून घेतलं होतं आणि ते फार उपयोगी पडलं, कारण पैसे मिळाले की विकणाऱ्या माणसाचा बँकेत हेलपाटे मारायचा उत्साह जातो. एजंटचं ऑफिस म्हणजे दहा बाय दहा, त्यात आठ माणसं आणि एक पंखा. माझ्या हिशोबात अख्ख्या खरेदीतली सगळ्यात धोक्याची जागा ती. काका आत गेलेच नाहीत, एजंटच फाइल घेऊन खाली आला, स्कूटरच्या सीटवर सह्या झाल्या, पेन काकांचं. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत नावावर करायला टाकला, लोक इथे आळस करतात, पण जुन्या मालकाच्या नावावर पॉलिसी असताना आपल्या गाडीचं नुकसान झालं तर ओन डॅमेजचा क्लेम अडकतो. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, आपल्याला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

गाडी घरी आल्यावर काकांना ती "पूर्ण सॅनिटाइझ" करून घ्यायची होती, तेव्हा धूर सोडणाऱ्या मशीनवाले दोन-दोन हजार घेत होते. मी नको म्हणलं. काचा उघड्या ठेवून चार दिवस उन्हात उभी केली, हात लागतो त्या जागा साबणाच्या फडक्याने पुसल्या, गाद्या आणि पडदे सरळ टाकून दिले. अल्कोहोलवालं सॅनिटायझर गॅसच्या शेगडीजवळ फवारायचं नाही, पेट घेतं ते, हे तर मी गाडीत चिठ्ठी लावून ठेवलं. खरी घाण होती पाण्याच्या टाकीत, मार्चपासून साठलेलं पाणी, झाकण काढलं तर आत बुळबुळीत थर आणि वास. ब्लीचचं पाणी करून भरलं, नळातून सोडलं, रात्रभर ठेवलं, मग साध्या पाण्याने वास जाईपर्यंत धुतलं, तरी प्यायला जार वेगळा. गॅसची नळी नवीन आयएसआयची, सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघितले, आणि सिलिंडरच्या कपाटाला खाली, जमिनीलगत भोकं पाडली, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साठतो, आधीच्या सुताराने जाळी वर बसवली होती शोभेला.

जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास २ सप्टेंबरपासूनच बंद झाला होता, त्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटी तिघं ताम्हिणीतून माणगाव, मंडणगड करत गेले. अंगणात गाडी लावली, विजेच्या मीटरवरून वायर ओढली. गवंडी, सुतार सगळे बाहेर, बोलणं अंगणातच, आजी खिडकीतून सूचना देत होत्या की वासा कुठला जुना ठेवायचा. पुढे एप्रिल २०२१ मध्ये परत निर्बंध आणि ई-पास आला तोपर्यंत छपराचं काम उरकलं होतं.

एक भांडण मात्र अजून चालू आहे. वर सोलर पॅनल टाकल्यावर गाडी अडीच मीटरच्या वर गेली आणि सोसायटीच्या पार्किंगच्या बीमखालून जाईना, चेअरमननी बाहेर गेटजवळ लावायला लेखी नोटीस देऊन मनाई केली. मी बाकी सगळं मोजायला लावलं होतं पण काका बीमची उंची "माहितीये रे मला" म्हणाले होते. सध्या गाडी धायरीला एका मोकळ्या प्लॉटवर महिन्याला दीड हजार भाड्याने उभी असते, आणि काका दर रविवारी जाऊन इंजिन चालू करून येतात, चार किलोमीटर फिरवतात सुद्धा, नाहीतर बॅटरी बसते.